जुनं पान

सालमियाच्या बोळात, माशांच्या दुकानात
परकारचाचा चष्मा कपाळावर सारून
माझं रोप उलटंपालटं बघतो.
"कोवळं पिवळं, शिरा हिरव्या: लोखंड कमी.
जुन्यावर टाचणीएवढी भोकं: पोटॅश.
पण हे बघ, तळचं जुनं पानच पिवळं पडतंय, सगळं..."

मागे टाकीत पाणी गुरगुरतं.
समुद्राचं, मीठ काढलेलं,
चवीला कुठल्याच गावचं नाही.

"...म्हणजे नत्र. बाहेर मिळेना की
रोप जुन्या पानातलं उपसून
वरच्या कोंबाला धाडतं."

गल्ल्याच्या काचेखाली पैसे धाडल्याच्या पावत्या,
मधोमध लेकीचा काळ्या झग्यातला फोटो.

मी ते पान खुडायला गेलो.
"असू दे," म्हणाला, "अजून देतंय."

खताची बाटली दीड दिनार.
त्यानं सव्वाच घेतला.