पावणेएकोणीस सेंट

पोस्टातल्या नव्या पोराने विचारलं,
"काका, काय असतं हो यात?"
म्हटलं, पत्र.
"तुम्हाला?"
नाही रे. नॅन्टकेट बेटावरून फिलाडेल्फियाला,
अठराशे अडतीस, फेब्रुवारी.
वेंगुर्ल्यात पोचायला जरा उशीर झाला.

पाकीट नाही, तिकीट नाही. तिकडे तेव्हा तिकिटं नव्हतीच.
कागदच दुमडून स्वतःचा लखोटा झालेला,
लाखेचा ठिपका सुकल्या आमसुलासारखा,
आणि कोपऱ्यात टाकाने आकडा:
पावणेएकोणीस सेंट.
ज्याच्या नावाचं, त्याने भरायचे.

पंखा बंद करून उलगडतो.
बाईने आडवं लिहिलंय, मग कागद फिरवून
त्याच ओळींवर उभं,
दुसऱ्या कागदाला दुप्पट पडतात म्हणून.
काठीवर वाळत घातलेलं जाळंच.
आस इतका बारीक की काही निसटू नये:
शेळी व्यायली, छप्पर गळतंय,
देवमाशांवर गेलेल्या जहाजाची
दादा, तुझ्या बंदरात काही खबर?

पत्त्यावर तिरका शेरा: घेण्यास नकार.

तो वाचायला मला भिंग लागलं नाही.
छप्पन साली, चैत्रात, आमच्या खळ्यात
हळदणकर पोस्टमन उभे. घामाने टोपी भिजलेली.
बाबांचं पत्र, वेरावळहून, बैरंग. चार आणे.
आई डोक्यावरची पाटी न उतरवताच म्हणाली,
"चार आणे खंयसून हाडू? परत धाडा.
गलबत येतला तेवा तोंडानच सांगतीत."

गलबत आलं.

पुढे मी टपालातच चिकटलो. एकोणचाळीस वर्षं सॉर्टिंग.
साहेब म्हणायचे, खडपकर,
पत्ते वाचतोस की जप करतोस?
डेड लेटर ऑफिसला तीन अर्ज केले.
तिसऱ्याचं उत्तर आलं, छापील.

आता बिस्किटांच्या डब्यात एकेचाळीस पत्रं आहेत,
बुरशी धरू नये म्हणून सोबत
भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी.
कुंदा म्हणते, परक्यांची रडगाणी,
आणि किंमत फ्रिजएवढी.
खरं आहे. एकाही घरात मला कुणी ओळखत नाही.

तळाशी एक पावली आहे.
ती संग्रहातली नाही.
दारात कुणी आलं तर
सुटे असावेत हाताशी.