लाल उजेडात काय घालायचं

श्रावस्ती कांबळे, राजारामपुरी सातवी गल्ली, पहिला मजला,
खांदा दाबून म्हणाली, फ्रोझन आहे.
मला कुल्फी आठवली.
मग म्हणाली, लाल उजेडाखाली बसायचं, वीस मिनिटं,
आठवड्यातून दोनदा. दुखत नाही, भाजत नाही.
मी विचारलं ते एवढंच :
बाई, घालून काय येऊ?

कारण गणपतीपासून हात वर जात नाही.
ब्लाउज म्हणजे रोजची झोंबाझोंबी,
आधी दुखरा हात, मग चांगला, मग हुक,
हुकांपर्यंत पोचेतो चहा निवलेला.

तिनं सांगितलं ते दुधाच्या कार्डामागं लिहून आणलं :
सैल. सुती. पुढून उघडणारं.
खांदा उघडा राहिला पाहिजे, कापडातून उजेड आत जात नाही.
बाम नको, तेल नको, त्या दिवशी पावडरसुद्धा नको.
गळ्यातलं काढून ठेवा
(माझं तोंड बघून) नाहीतर पाठीमागं सारा.
चष्मा आम्ही देऊ.

घरी कपाट उघडून बसले.
गाऊन डोक्यातून. सुनेचा टी-शर्ट डोक्यातून.
जग सगळं डोक्यातून कपडे घालतं
हे खांदा धरल्याशिवाय कळत नाही.

मालक पलंगावर बसून कार्ड वाचत होते.
"लाल उजेडाम्होरं कापडं काढायची?"

चौतीस वर्षं शिरोलीत भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस.
तिथं नियम उलटा.
जाड घाला. बाह्या मनगटापर्यंत. कॉलरचं बटण लावा.
पँट बुटाच्या वरून, बुटात खोचायची नाही.
टेरिकॉट नको, अंगाला चिकटतं,
हे कंपनीनं नाही, दगडू सुताराच्या पाठीनं शिकवलं.
एवढं झाकूनही
शनिवारी धुवायला पडलेल्या शर्टाची
मी भोकं मोजायचे.
सातच्या आत असली तर आठवडा बरा गेला.

तळातून तो शर्ट निघाला, शेवटच्या वर्षाचा.
खाकी होता, आता दुधाच्या चहासारखा.
सैल, पुढून उघडणारा, निव्वळ सुती,
लक्ष्मीपुरीतनं कापड मीच आणलेलं.
"ह्यो घाल," म्हणाले, "वरची दोन बटणं सोड, खांदा निघतोय."

ब्लाउजच्या जागी शर्ट, वरून पदर.
के.एम.टी.त कंडक्टर दोनदा वळून बघत होता.
वाटलं असेल, म्हातारी भांगलायला निघाली,
राजारामपुरीत.

श्रावस्ती म्हणाली, मावशी, अगदी बरोबर घातलंय.
मग : ही भोकं?
"ठिणग्यांची."
ती पुढं बोलली नाही. खांदा मोकळा केला, पदर बाजूला,
चष्मा चढवला, बटण दाबलं.

लाल. पण भीती घालणारं नव्हे,
डोळे मिटून उन्हाकडं तोंड केलं की
पापण्यांतून दिसतं तसलं.
चष्म्याच्या कडेतून खाली बघितलं,
शर्ट होता तिथंही छातीवर
लाल ठिपके उतरलेले,
काही राळ्याएवढे, काही जोंधळ्याएवढे.
डाव्या बाजूला दाट.
म्हणजे ओतताना रस डावीकडून यायचा.
इतकी वर्षं मोजत होते, आणि हे आत्ता दिसलं.

दार किलकिलं झालं.
आत येऊ नये असं लिहिलेलं, ते त्यांनी वाचलं नसणार.
उंबऱ्यात मालक, तोंडावर लाल,
विचारायला आले ते विसरलेले.
आणि दोन्ही हात आपसूक
दुमडलेल्या बाह्या खाली ओढायला लागले,
आधी डावी, मग उजवी,
मनगटापर्यंत.
मग बोटं गळ्याशी, कॉलरचं बटण चाचपत.

"भाजत न्हाई ओ," मी म्हटलं,
"अकरा मिनटं राहिल्यात. मी येतो. बसा भायेर."
तरी उभेच.

गुरुवारी परत जायचंय.
शर्टाचं तिसरं बटण लोंबतंय,
आणि सुईत दोरा ओवायला हात डोळ्यापर्यंत जात नाही.
त्यांना सांगितलं.
दिव्याखाली डबा घेऊन बसलेत,
कुठला दोरा म्हणून विचारतात, खाकी का पांढरा.