बारा फुटांवर उन्हाळा

वडीगोद्रीच्या रस्त्याला, तुतीच्या रानात
द्वारकाबाईंची एक खोली आहे, जमिनीखाली.
अकरा पायऱ्या उतरायच्या, चप्पल वर ठेवून.
आत रेशमाच्या अळ्या पाला खातात,
अंधारात कुणी वहीची पानं उलटावीत तसा आवाज.

अळ्यांना सव्वीस अंश लागतात, फार तर अठ्ठावीस.
वर त्रेचाळीस.

मी पॉलिटेक्निकमधून चार तारा घेऊन गेलो होतो:
तीन फूट, सहा, नऊ, बारा.
यल्लप्पानं पहारीनं भोकं पाडून दिली.
काळी, चोपण, मुरूम, मांजऱ्या,
एकेका थराचं नाव घेतलं
सोयऱ्याची ओळख करून द्यावी तसं.
खोलीही त्यानंच खोदलेली.
म्हणाला, "सायेब, उन्हाळा खालीबी येतो,
पर पायी येतो."
मी हसलो. वहीत रकाना आखला:
विलंब, दिवसांत.

भिंतीतून सुटलेली ऊब सरळ जात नाही.
मातीतून कमान घेत वर वळते, उघड्या रानाकडे.
जितकं खोल तितकी वाट लांब,
तितकी गळती कमी.
मी माती कोरडी धरली होती.

माघात पाटाला पाणी सुटलं,
शेजारचा गहू भिजला, आमची भिंतही.
ओल्या मातीला काही धरून ठेवता येत नाही.
अंदाजाच्या दीडपट ऊब गेली.
द्वारकाबाईंनी रात्रभर शेगडी ठेवली,
सकाळी फोनवर रागावल्या नाहीत,
जळालेल्या कोळशाचं वजन तेवढं सांगितलं.

मेच्या एकोणीसला यल्लप्पा गेला.
दुसऱ्या कुणाच्या विहिरीवर, दुपारी, ऊन लागून.
निरोप आला तेव्हा बाई पाला कापत होत्या,
कापतच राहिल्या.
अळ्या चौथी कात टाकून उठलेल्या,
त्यांची भूक थांबत नाही.

पोळ्याला मी आकडे घ्यायला गेलो.
वर गार वारं, बैलांच्या शिंगांना ओला हिंगूळ.
खाली तीन फुटांची तार उतरलेली,
सहाचीही.
बाराची मात्र चढून
अठ्ठावीस पूर्णांक चारवर थांबलेली.

द्वारकाबाईंनी भिंतीला तळहात लावला,
पहारीचे वळ आहेत तिथं.
बराच वेळ काढला नाही.
मग पदर तोंडाला लावून खाली बसल्या,
अळ्यांच्या रॅकशेजारी.
म्हणाल्या, "आत्ता पोचला बघा."

मी रकान्यात लिहिलं, एकशे तीन.
माझ्या गणितानं शहाऐंशी येत होते.