शिक्का

पेपरात आज निफाड साडेपाच अंश.
जेलरोडच्या गच्चीवर शाल घट्ट करत
पगारे वहिनी विचारतात, "मग तिकडे किती होतं?"
मी म्हणते, एवढंच. थोडं कमी.
पण वारा होता हो.

एकतीस वर्षं यांनी प्रेसमध्ये पासपोर्ट छापले,
म्हणजे आतली कोरी पानं.
जाताना झडती, येताना झडती,
डब्यातली पोळीसुद्धा उलटून पाहायचे.
घरी आल्यावर सांगण्यासारखं काही नसायचं,
आणि जे असायचं ते सांगायचं नसायचं.
स्वतःचा पासपोर्ट पोस्टाने आला
तेव्हा यांनी तो आधी उघडला नाही.
वास घेतला.

शलाकाने तिकिटं काढली. चार रात्री.
जानेवारीत स्वस्त पडतं म्हणाली.
जानेवारीत तिथे कोण शहाणं जातं?
नकाशावर नाशिकपासून बोट वर वर नेलं
की कागदाचा पांढरा काठ लागतो,
त्याच्या जरा अलीकडे ते बेट.

तिथल्या पोराने शिक्का मारला, वाकडा.
अर्धा पानावर, अर्धा शेजारच्या पानावर.
यांचा चेहरा मी पाहिला.
शिंप्यासमोर कुणी कापड दाताने फाडावं तसा.

सूर्य नऊला उगवायचा, साडेतीनला
"येतो" म्हणून पाहुण्यासारखा उठायचा.
झाड नाही. मेंढ्या
वाऱ्याकडे पाठ करून रेशनच्या रांगेत उभ्या.
दुसऱ्या दिवशी बोट बंद. धक्क्यावर उभं राहून
यांनी लाटांचा अंदाज घेतला:
"दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत."
आणि मी त्या परक्या थंडीत
डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

रात्री आकाशात हिरवे पडदे हलतात म्हणे.
लोक त्यासाठीच जातात.
चारही रात्री ढग.
दोन माकडटोप्या, दोघांत एक रग,
निळ्या नक्षीच्या बशांत मेतकूट-भात.
घरमालकीण येऊन चुलीत मातीचं ढेकूळ टाकून गेली.
तिकडे माती जळते, खरंच,
दलदलीतून कापून वाळवलेली.
धूर खोलीत उतरला

आणि मी नऊ वर्षांची, उगावच्या बागेत,
रात्रीचे दोन. नाना बांधाबांधाने
पाचोळा पेटवत निघालेले.
"झोपू नको गं. धूर खाली राहिला पाहिजे,
मण्यांवर पांघरूण पडलं पाहिजे."
मी ओल्या गोणपाटाने धूर दाबत होते,
बोटं कुणाची तरी असल्यासारखी.
सकाळी मणी तडकलेले.
नाना एकेक घड तळहातावर घेत,
तोलल्यासारखा, आणि परत सोडत.
त्या दिवशी घरात कुणी जेवा म्हटलं नाही.

तेहेतीस वर्षांत हे यांना सांगितलं नव्हतं.
विषयच निघाला नाही.
निघायला एवढं लांब यावं लागलं.

हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
"एकदा एक पान तिरकं छापलं गेलं.
मीच पाहिलं, मीच नोंदवलं,
नियमाप्रमाणे नष्ट झालं.
घरी येऊन मी तुला म्हणालो, डोकं दुखतंय.
रात्रभर मनात एकच,
ते पान कुणाकडे गेलं असतं,
आणि तो कुठे गेला असता."

बाहेर वारा दाराची कडी हलवत होता,
ओळखीचं कुणी असल्यासारखी.

"पण पाहिलंत काय?" पगारे वहिनी सोडत नाहीत.
मी म्हणते, ढग. मेंढ्या.
हे खुर्चीत, पासपोर्ट उन्हाकडे धरून
तो वाकडा शिक्का पाहताहेत,
अंगठा हळूच त्याच्या काठावरून फिरवताहेत.
आता नीट करावासा वाटत नाही बहुतेक.

"रविवारी उगावला जाऊ," म्हणतात मधेच.
बाग आता कुणाची, ठाऊक नाही.
आहे की प्लॉट पडले, तेही नाही.
"रात्री जाऊ," म्हणतात,
"स्वेटर धुवायला टाकू नकोस."