तिसरा वाटा

घर तिच्या नावावर होतं.
कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, रांगेतलं सातवं दार,
खालचा मजला सिडकोचा, वरचा आमच्या हिमतीचा.
सोडतीचा अर्ज शेवंतानेच भरला सत्याऐंशी साली.
मला तेव्हा संध्याकाळी सातनंतर
स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येत नसे.

ती गेली मार्गशीर्षात.
बर्गे वकील म्हणाले, मृत्युपत्र नाही, म्हणजे वारस तीन.
तुम्ही, हणमंत, सुवर्णा. सारखे.
मी म्हटलं, अहो, मी बसलोय ती ही खाट?
म्हणाले, काका, खाट तुमची.
खाटेखालची फरशी तिघांची.

मग नादच लागला.
मोरीत पाय धुताना मनात वाटण्या:
नळ पोराचा, बादलीची जागा पोरीची,
उंबऱ्यावर कुणी पाय द्यायचा?
आधी दाणाबंदर, मग वाशीचं मार्केट,
शंभर किलोचं पोतं पाठीवर घेताना
कधी विचारलं नव्हतं
आतले गहू कुणाचे.

मीच म्हणालो, विकत घेतो.
मरायचं तर आपल्या घरात,
पोरांचा पाहुणा होऊन नाही.
बोर्डाचा फंड होता, जावळीकडचे दहा गुंठे फुंकले.
भाव काढायला एक पोरगा आला, हातात यंत्र,
लाल ठिपका भिंतीवरून फिरवला,
तिच्या फोटोच्या काचेवर तो जरा हलला.
आकडा मी तीनदा विचारला.
एवढ्याचं तर आम्ही दोघांनी मिळून
जन्मात खाल्लं नसेल.

हणमंत पुण्याहून गाडीने आला.
"आबा, तुमच्याकडनं पैसे घेऊ? मी?"
फुकट सोडला हिस्सा. जेवायला थांबला नाही.
रात्रीपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं
पोरगा किती मोठ्या मनाचा.

सुवर्णा घणसोलीहून रिक्षाने आली.
कागद वाचला. पाठचं पानही वाचलं.
"माझा पूर्ण भाव लावा. चेकने.
आई सांगून गेलीय,
फुकट सोडू नकोस. बापाला तर नाहीच."

समोरची म्हणाली, पोटची पोर, आणि असं?
मी काही बोललो नाही.
मला ब्याण्णवची दिवाळी आठवत होती,
बोनसचं पाकीट तुर्भे नाक्यावरच रिकामं झालेलं,
आणि मार्केटात, मी पोती वाहायचो त्याच गाळ्यात,
माझ्या पायांमागून दोघी मायलेकी
सांडलेला दाणा झाडत यायच्या.
खडे निवडायच्या, पाखडायच्या, पायलीने विकायच्या.
पोर अकरा वर्षांची. नाकात भुसा, डोळे लाल.
सिडकोचे हप्ते त्या झाडणीतून गेले.
ते मला हप्ते फिटल्यावर कळलं.

आमच्या टोळीत एकच नियम होता,
खांदा दिला त्याला वाटा.
मुकादमाचा जावई असला तरी
बसून राहिलेल्याला नाही.
मी चाळीस वर्षं तो नियम
दुसऱ्यांना ऐकवला.

रजिस्टर कचेरीत माझा अंगठा उमटेना.
पोरगी म्हणाली, पोत्यांनी घासलाय त्यांचा.
कारकून म्हणाला, दुसरं बोट ठेवा.
"नाही, हाच लागेल," म्हणाली,
ओढणीने पुसला, तोंडाची वाफ दिली,
आणि वरून आपला हात ठेवून
काचेवर असा दाबला, की मला दुखलं.
यंत्र वाजलं.

चेक तिने उलटून पाहिला.
नावातली वेलांटी तपासली, पर्समध्ये ठेवला.
खाली चहाचे वीस रुपये तिनेच दिले.
"गुडघ्याचं तेल आणलंय, घेऊन जा," म्हणाली,
आणि रिक्षात बसली.

आता घर सगळं माझं.
रात्री उठलो तर दिवा लावत नाही,
पावलांना पाठ आहे.
लाइटबिल अजून शेवंताच्या नावाने येतं.
बर्गे म्हणतात, बदलून घ्या.
बघू म्हणतो,
आणि तारखेच्या आधी भरून टाकतो.