गेल्या बारा महिन्यांत

टोलीडो, ओहायो. मॉमी नदीवर पातळ बर्फ.
ओडेसा प्रुइट जिना चढते, काखेत टॅब्लेट,
गळ्यातल्या ओळखपत्रावर नऊ वर्षांपूर्वीचा चेहरा.
आजचं हे चौथं दार. आधीची तीन उघडली नाहीत.
न उघडलेल्या दारालाही एक कोड असतो.

चौथं उघडतं. थॅडियस ग्राबोव्स्की, वय एकाहत्तर,
अडतीस वर्षं काचेच्या भट्टीपुढे.
भुवया तिथेच जळाल्या, पुन्हा नीट उगवल्या नाहीत.
"बसा," म्हणतो. "कॉफी कालची आहे."

गेल्या बारा महिन्यांत
तुमची एखादी वस्तू कुणी चोरली का?

तो आठवतो. खरंच आठवतो, डोळे मिटून.
बर्फ काढायचं फावडं. दारासमोरून.
किंमत? बावीस डॉलर. नाही, तेवीस, कर धरून.
चोराला पाहिलंत?
पाहिलं. मागच्या गल्लीतला पोरगा,
तोंड टोपीत लपवलेलं, चाल मात्र बापाची.
पोलिसांना कळवलंत?
"फावड्यासाठी?"

ओडेसा नोंदवते. फावड्याला रकाना आहे.
उजेड होता की अंधार, याला आहे,
पोराच्या अंदाजे वयाला आहे, रंगालाही.
हे एक फावडं राजधानीत पोचेपर्यंत
साडेतीन हजार फावडी होईल.
शितावरून भाताची परीक्षा.
शीत कुठल्या पातेल्यातून उचललं, ते कुणी विचारत नाही.

मग कॉफी ओतता ओतता तो उगाच सांगतो,
मार्चपासून पेन्शन निम्मी झाली.
कारखाना विकला. घेणाऱ्यांनी पुन्हा विकला.
मधल्या मध्ये फंडातले पैसे एका कंपनीला उसने दिले,
ती कंपनी म्हणजे डेलावेअरमधली एक टपालपेटी.
पत्र आलं होतं. अकरा पानं, कागद गुळगुळीत,
खाली निळ्या शाईतली सही, तीही छापलेली.
"चोरी नाही हं ती," तो म्हणतो,
"पुनर्रचना. तसं लिहिलंय पत्रात."

ओडेसाचं बोट पडद्यावर थांबतं.
दार फोडलं होतं? नाही.
हत्यार? नाही.
अनोळखी होते की ओळखीचे?
"नाताळात कार्ड यायचं त्यांचं."
दिवसा घडलं की रात्री?
याला काय म्हणावं?
एखाद्या गुरुवारी दुपारी, जेवणाची पाकिटं उघडून
सात जणांनी हात वर केले, तेव्हा घडलं?
की वर्षभर रोज थोडं थोडं, झिरपत?

'इतर' नावाचा एक रकाना असतो.
ती तिथे लिहिते: पेन्शन.
तांबडी रेघ येते. वस्तू ग्राह्य नाही.

तिला स्वतःची बहीण आठवते.
पार्किंगमध्ये ढकलून तिची पर्स हिसकावली होती,
मनगट मोडलं. ठाण्यात कुणीतरी लिहिलं, 'हरवली'.
डिसेंबर होता. त्या वर्षी शहरातले गुन्हे
नऊ टक्क्यांनी उतरले, महापौरांनी केक कापला.
तेव्हा मापच खोटं होतं.
इथे मापच नाही.

वसंतात नकाशा येईल.
या गल्लीवर लाल ठिपके, गोवर आल्यासारखे,
आणि मग गाड्यांचा विमा वाढेल,
कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान हलेल.
नदीकाठचा मनोरा, जिथे ते सात हात वर झाले,
त्याच्या सतरा मजल्यांची काच थॅडियसच्याच भट्टीतली.
नकाशात तो कोरा, धुतल्यासारखा.

ती निघते. जिन्यावर असताना वरून हाक येते,
"ऐका, ते फावडं खोडता येईल का?
मीच दिलं म्हणून लिहा. पोरगा आजीचं अंगण साफ करत होता."

"गेलं ते," ती म्हणते. "पाठवलेलं परत येत नाही."

बाहेर रस्ता बर्फाखाली बुडालेला.
फक्त थॅडियसच्या दारापासून तिच्या गाडीपर्यंत
एक वाट नुकतीच कुणी काढलेली,
कडा सरळ,
बरोबर एका फावड्याच्या रुंदीची.