मंगळवारचं पहिलं दळण

सोमवारी चक्की बंद.
मी वरची पाळी उचलून ठेवतो,
खाचांमधला गहू ब्रशने खरवडतो,
चाळणी, सुपडं, तोंडाची कापडी बाही
उलटी करून झटकतो अंगणात.
सहा दिवसांचा लोकवन, दोन ओंजळी तरी निघतोच.
नंदनवनातल्या कबुतरांना माझा सोमवार पाठ झालाय.

मंगळवारी सातला ते डबे येतात
ज्यांत गहू नाही.
ज्वारी, तांदूळ, भंडाऱ्याकडचा वाळला शिंगाडा.
झाकणावर लाल पट्टी, मीच लावायला सांगितली.

आधी एकच डबा यायचा, बँकेतल्या हेडाऊ साहेबांचा.
छप्पन्नाव्या वर्षी त्यांना कळलं
की जी पोळी जन्मभर डब्यातून नेली
तीच आतून कुरतडून राहिली होती.
म्हणाले, शालिकराम, ग्लुटेन.
मला वाटलं गाव असेल एखादं, काटोलच्या पुढे.

आता सतरा डबे.

त्यातले खरे किती, ते मला विचारू नका.
धंतोलीच्या डॉक्टरने नळी टाकून सांगितलेले पाच.
रिपोर्ट चांगला, पण गहू सोडल्यावरच
रात्रीची झोप लागते, असे सहा.
एक पोरगी मिहानमध्ये नोकरीला, पोट ठणठणीत,
तिची माय मात्र खूश, की निदान भाकर थापायला शिकली.
उरलेले भिऊन येतात.
भीतीचंही दळण करतो मी,
किलोला तोच भाव.

कॉलेजचा एक पोरगा वही घेऊन आला होता,
काका, मोठ्या माणसांत प्रमाण किती?
म्हटलं, शंभरातले किती ते शिकलेल्यांना विचार बाप्पा.
माझ्याजवळ ही भिंत आहे,
पट्ट्यामागची, पेन्सिलच्या रेघांची.
त्याने मोजल्या. सोळाच भरल्या.

सतरावी शेवंताबाई बावणे.
लग्नाच्या पंगतीत लंबी रोटी करते.
शुक्रवारी चाळीस किलो लोकवन दळून नेते,
ओली कणीक दोन्ही हातांवर झेलत
कोपरापर्यंत ताणते
आणि उलट्या मडक्यावर अलगद सोडते,
इतकी पातळ की पलीकडचा जाळ दिसावा.
मंगळवारी तिचा दीड किलोचा डबा. पट्टी नाही.
भाऊ, रेघ ओढू नका, म्हणाली.
रोटीवालीच रोटी खात नाही म्हटल्यावर
लोक काय समजतील?
नाकातोंडाला पदर बांधून भाजते. पीठ उडतंच.
रात्री बारानंतर मांडवामागे बसून
वाटीभर रश्शात
घरून आणलेली भाकर कुस्करते.

आणि लीलावती.
जेवण झालं की पोट धरून बसायची, बारा वर्षं.
आम्ही वात म्हटलं, नजर म्हटलं,
ओवा दिला, हिंग दिला,
मेडिकलला बाटल्या चढवल्या. रक्त काही वाढेना.
लोक हसायचे,
चक्कीवाल्याची बायको अन् वाळून काहून राहिली?
मी तर पहिलं पीठ, कोमट, सुगंधी,
रोज तिच्यासाठीच बाजूला काढायचो.
गव्हाचं.

तपासणी कधी झालीच नाही तिची.
हा शब्दच तेव्हा आमच्या गल्लीत आला नव्हता.
म्हणून भिंतीवर, सगळ्यांच्या आधी,
एक रेघ अर्धी आहे.
पोराला मी ती मोजू दिली नाही.

भिंतीवर पीठ बसतं,
सोमवारी ओल्या फडक्याने पुसावं लागतं,
पेन्सिल पुसली जाणार नाही इतपत.

सात वाजले. हेडाऊ साहेब पायरीवर उभे.
मोटर सुरू करतो,
आधी एक मूठ ज्वारी माझ्या पदरची टाकतो,
दगडांची तोंडं धुवायला.
ती कोणाच्याच डब्यात जात नाही.